अर्धं वाक्य

गिरणीच्या लिलावात तिची पाळी सगळ्यात शेवटी आली.
मेनच्या उत्तरेला मार्च म्हणजे नुसता चिखल,
वर बर्फाची पातळ साय;
पाय टाकला की आधी कुरकुरते, मग गिळते.
कागद निघायचा थांबला त्याला तीन हिवाळे झाले होते,
आंबल्या कोबीचा वास मात्र आवारातून गेला नव्हता.

एकोणीसशे अडुसष्टची. चार चाकं,
दांड्याच्या पोटात दुसरा दांडा,
एका टायरला भेग, सिलिंडरखाली तेलाचं थारोळं.
पाटीवर मात्र ठसठशीत: बारा टन.
भंगारवाल्याने लोखंडाच्या भावात बोली लावली.
मी वर दोनशे डॉलर चढवले
आणि हातोडा पडल्याबरोबर पोटात गोळा.

वेंडेलला फोन केला.
"चालते का?"
"उभी आहे," म्हटलं.

कुंपणापाशी एक म्हातारा होता,
काही घ्यायला आलेला नव्हता.
आर्माँ तिबोदो. सव्वीस वर्षं तिच्यात बसलेला.
"थंडीत सुरू झाली नाही तर ईथर मारू नकोस," म्हणाला,
"सवय लागते."
एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी
जेवणाचा डबा घेऊन माझ्या दारात हजर.

पहिला अख्खा दिवस इंजिनाला हात लावू दिला नाही.
पोलादी दोर जमिनीवर उलगडला,
फाटक्या बनियनची चिंधी मुठीत घेऊन
त्यावरून फिरवत गेला, इतक्या हळू
की शेजारचा कुत्रा भुंकून कंटाळला.
चिंधी अडकेल तिथे तार तुटलेली.
एकोणीस वेळा अडकली.
नवा दोर क्रेनपेक्षा महाग पडला.
त्या रात्री वेंडेल जेवताना बोलला नाही,
मीठ मागायलासुद्धा.

मग एक ओतीव ठोकळा हातभर उचलून टांगला,
इंजिन बंद केलं आणि कॉफी प्यायलो.
कॉफी संपेतो ठोकळा चार बोटं खाली.
"सील गेली," आर्माँ म्हणाला,
गुडघ्याबद्दल बोलावं तसं.

मला हवा होता तो लेथ
गिरणीच्याच वर्कशॉपात होता. पावणेपाच टन.
दारातून ट्रेलरपर्यंत, बस्स.
मे महिना, जमीन वरून सुकलेली.
आर्माँने त्याला पाइपांवर ठेवून पहारीने ढकलायला लावलं,
वीतभर, मग अजून वीतभर,
पुढचे पाइप संपले की मागचे पुढे.
तीन तास.
मी वैतागले. बारा टनांची क्रेन,
पाचसुद्धा नाहीत, हा कसला छळ?

त्याने केबिनमधला तक्ता पुसून दाखवला.
आकडे उडालेले, त्यांवर त्याची पेन्सिल.
दहा फुटांवर, बारा.
वीस फुटांवर, साडेचार.
तीस फुटांवर दोनसुद्धा नाहीत.
"पाटी खोटी नाही," म्हणाला,
"पण ते अर्धं वाक्य आहे.
जवळ धरलं तर."

लिव्हरवर मी. समोर तो, फक्त हात.
तर्जनी वर, गोल गोल, हळू.
लेथने जमीन सोडली
आणि मला माझ्याच बरगड्या ऐकू आल्या.
एकदम त्याची मूठ. थांब.
डावा पाय ओकच्या फळीसकट रुतत होता,
एक बोट, दीड बोट,
वरची जमीन सुकलेली, आतली नव्हे.
खाली. सगळं खाली.
अजून चार फळ्या आडव्या. परत.
दुपारी सव्वातीनला लेथ ट्रेलरवर टेकला
तेव्हा ट्रेलरने सोडला तेवढाच काय तो सुस्कारा.

आर्माँने पैसे घेतले नाहीत.
जुन्या दोराचा वावभर तुकडा तेवढा मागितला,
कशाला ते सांगितलं नाही.

आता तो मुलीकडे असतो, दक्षिणेला,
जिथे लोखंड गारठत नाही.
क्रेन वर्षातून अकरा-बारा दिवस कामाला जाते:
प्रेस, बॉयलर, एकदा चर्चची घंटा.
बाकी शेडमागे, बूम आवळून.
वेंडेल हिशोबाच्या वहीत तिच्या नावापुढे
अजूनही रेघ मारून ठेवतो, आकडा टाकत नाही.

रविवारी फोन येतो.
"तेल गळतंय का?"
"गळतंय."
"मग आत आहे अजून," म्हणतो,
आणि ठेवून देतो.